किती देते?

पुण्यात गाडी घेतली म्हटलं
की रंग कुणी विचारत नाही.
किती देते?
दूधवाल्याने विचारलं. लॅबमधल्या पेशंटने विचारलं,
सुईसाठी दंड पुढे करता करता.
प्रमोद भावजींनी तर फोनवर, हॅलोच्याही आधी.
जणू पार्किंगमध्ये म्हैस बांधलीय मी.

म्हैस शोधण्यात चार रविवार गेले.
हडपसरची लाल: एसी गार, खालून गंज.
वाकडची पांढरी: मालक फारच गोड बोलत होता.
रात्री हेरंब कागदावर हप्ता, विमा, पेट्रोल मांडायचा
आणि बेरीज आली की पेन ठेवून
चहा टाकू का, विचारायचा.

मग सहकारनगरला टिपणीसांची राखाडी.
आठशे सीसी, अकरा वर्षांची, एकाच हातातली.
दाराला पोचा. "तो गेटने केला," म्हणाले,
गाडीची बाजू घेत.
एक लाख वीस.
हेरंबने घासाघीस सुरू केली, तेव्हा
त्यांनी उठून पंखा एकने वाढवला, बसले,
आणि पुन्हा म्हणाले, एक लाख वीस.
किल्लीसोबत एक वही दिली, लाल कापडी पाठीची.
"किती देते ते सगळं आहे यात."

होतं खरंच.
तारीख, लिटर, किलोमीटर, भागाकार,
उत्तराखाली दोन रेघा, शाळेतल्यासारख्या.
कोल्हापूर, बावीस पूर्णांक चार. "हवा भरून निघालो."
गणपतीपुळे, वीस. "शालनला घाट लागला. थांबे तीन."
वाई, एकवीस. "वांगी स्वस्त."

आता ती रोज सहा वीसला धायरीहून निघते, मला घेऊन.
नवले पुलाच्या उतारावर ट्रक मानेवर श्वास सोडतात,
ही आपली तिसऱ्यात, नाकासमोर.
चढ आला की एसी बंद करायचा,
हे तिनेच शिकवलं, धापा टाकून.
सोसायटीत दोन धिप्पाड गाड्यांच्या मधे,
जिथे फार तर स्कूटर मावेल, तिथे मावते.
मुक्ताचे गुडघे माझ्या सीटला मागून टेकतात:
चिडलीय की झोपलीय
ते मला पाठीलाच कळतं.

एका रात्री वही पुढे वाचत गेले.
जुलै, सतरा.
ऑगस्ट, पंधरा.
सप्टेंबर, साडेतेरा.
फसवलं म्हाताऱ्याने, म्हटलं मी मोठ्याने,
इंजिन बसलेलं विकलं आपल्याला.
हेरंब म्हणाला, किलोमीटर बघ.
जाऊन-येऊन नऊ.
जाऊन-येऊन नऊ.
कधी दिवसातून दोनदा, जाऊन-येऊन नऊ.
साडेचार किलोमीटरमध्ये इंजिन तापतसुद्धा नाही,
ॲव्हरेज पडणारच.
सहकारनगरपासून साडेचारावर काय आहे,
बोटाने टेबलावर रस्ता काढत गेले,
कर्वे रोडपाशी बोट थांबलं.
रोज चाळीस जणांचं रक्त काढते मी,
माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.
शेरा एकच, दर पानावर: "पार्किंग ४०."
आणि नोव्हेंबरात एका ओळीला
नुसतंच "जाणे, साडेचार."
येणं लिहिलेलं नाही.
भागाकार नाही. रेघा नाहीत.

पुढची चार पानं कोरी.
मग एकदम: "बॅटरी उतरली. शेजारच्या मुलांनी ढकलली."
मग आमची तारीख.

त्याच्याखाली मी लिहायला लागले.
माझं अक्षर त्यांच्यापुढे गिचमिड,
रेघ मी एकच मारते.
एकवीस लिटर. चारशे किलोमीटर.

रविवारी फोन केला. काही खास नाही, म्हटलं,
सांगावंसं वाटलं. एकोणीस देते.
पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.
"हवा तपासा," म्हणाले. "तीसवर ठेवा, गार चाकांत."
ठेवते, म्हटलं.
फोन ठेवतील असं वाटलं. ठेवला नाही.
"शहरात एकोणीस," म्हणाले,
"वाईट नाही."